भिंगांतील एकांत

गेल्या वैशाखांत आम्ही आमच्या भाच्याबरोबर ताडोबाच्या अरण्यांत गेलों होतों. तेथें त्यानें काढलेलें एका वाघिणीचें छायाचित्र आतां त्याच्या दिवाणखान्यांत लागलें आहे. तांत्रिक दृष्ट्या त्यांत नांव ठेवण्यास जागा नाहीं. पाण्यांत अर्धें अंग बुडवून बसलेली वाघीण, मागें वाळल्या बांबूंची धूसर पिवळी छटा, आणि सभोंवार अपार एकांत! ह्या एकांताविषयींच आमचा आक्षेप आहे; कारण तो क्षण आम्हींही पाहिला होता, आणि त्या वेळीं पाणवठ्याच्या कांठीं अकरा गाड्या उभ्या होत्या.

भाच्याजवळ १०० ते ४०० मिलिमीटरची टेलिफोटो झूम लेन्स होती. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्यावर अशी लेन्स लावून ती ४०० वर नेली, तर ४० मीटरांवरील सुमारें साडेतीन मीटर रुंदीची जागा तेवढी चित्रांत येते; १०० वर आणली तर चवदा मीटरांहून थोडी अधिक. म्हणजे मनगटाच्या एका फिरकीनें अकराही गाड्या नाहींशा होतात. खोटें कांहींच काढावें लागत नाहीं. खरें वगळलें कीं झालें.

उलट प्रकारही घडतो. दूर उभें राहून पाहिलें असतां जवळच्या व मागच्या वस्तूंमधील अंतर तुलनेनें अल्प भासतें. हा गुण अंतराचा, भिंगाचा नव्हे. भिंग तेवढाच भाग कोरून मोठा करतें. त्यामुळें वाघाच्या बरीच मागें असलेली गाडी त्याच्या शेपटीला टेकल्यासारखी दिसते, आणि वृत्तपत्राचा वाचक संतापतो. संताप कदाचित् योग्यही असेल, पण पुरावा कच्चा असतो.

लांब भिंगामुळें श्वापदाला न डिंवचतां चित्र घेतां येतें, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. परंतु त्याला दुसरा मार्गही होता. संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन ह्यांचें ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हें पुस्तक १९२७ सालीं निघालें. ते रात्रीं रानवाटेवर तार ताणून ठेवीत. तिला वाघाचा पाय लागला कीं झगझगीत प्रकाश पडे व चित्र आपोआप उमटे. तेथें कॅमेरा जवळ होता आणि माणूस दूर. आज माणसांची रांग लागते, आणि ती दिसूं नये एवढें काम भिंगाकडे येतें.

झूमची खरी योग्यता आमच्या मतें तिच्या आंखूड टोकांत आहे. ४०० च्या पलीकडे ६०० हवें म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. १०० वर परतणारा विरळा. आम्हीं भाच्याला विचारलें, तेव्हां तसें एक चित्र त्याच्याजवळ निघालें. दोन गाड्यांचीं तोंडें, उभे राहिलेले प्रवासी, धूळ, आणि मध्यें लहानशी वाघीण, मान वळवून त्यांच्याकडे पाहणारी. तें आम्हीं मागून घेतलें. “मामा, हें कशाला? हें तर बिघडलेलें आहे,” असें तो म्हणाला.