भुताचे बोलणे : विनोदी अद्भुत कादंबरी आणि कोकणची बोली

शाळा, दवाखाना आणि बाजारपेठ यांच्या शेजारी भुताने बिऱ्हाड केले आहे आणि गावकऱ्यांचा त्याच्याशी नित्याचा व्यवहार चालू आहे, अशी कल्पना करून लिहिलेल्या विनोदी कादंबरीची परंपरा मराठीत निर्माण झाली नाही. शेजारच्या बंगालीत ती चांगली रुजली आहे. हा भेद कशामुळे पडला, याचा एका बंगाली कादंबरीच्या आधारे आणि मुख्यतः भाषेच्या अंगाने विचार करण्याचे येथे योजिले आहे.

ती कादंबरी म्हणजे शीर्षेंदु मुखोपाध्याय यांची ‘गोसाईंबागानेर भूत’. २०११ मध्ये तीवर बंगालीत चित्रपटही निघाला. कादंबरी किशोरांसाठी लिहिलेली आहे. परंतु तिच्यातील विनोद पोरकट नाही. बुरुन नावाच्या मुलाला परीक्षेत गणितात १३ गुण मिळतात आणि घरात त्याची उपेक्षा होऊ लागते. दुःखी होऊन तो गोसाईंच्या ओसाड बागेत जातो. तेथे निधिराम नावाचे भूत त्याला भिवविण्याची पराकाष्ठा करते. पण बुरुन भीतच नाही. त्याच्या मनात अपमानाचे शल्य इतके खोल असते की भुताला तेथे शिरावयास जागाच उरलेली नसते. आता संकट येते ते भुतावर. एका पोराला आपण भिववू शकलो नाही, हे भूतसमाजात समजले तर तोंड कसे दाखवावे, ही त्याची विवंचना! कादंबरीचे मर्म येथे आहे. भुताला अब्रू आहे, जातभाईंची भीडभाड आहे. थोडक्यात, ते लहान गावातील एक प्रतिष्ठित गृहस्थ आहे. गुणपत्रिकेने खचलेला मुलगा आणि नालायक ठरू पाहणारे भूत हे दोघे समदुःखी होतात, म्हणूनच त्यांची मैत्री वाचकाला पटते.

बंगाली लेखकाला एक भाषिक सोयही आयती उपलब्ध आहे. बंगाली कथावाङ्मयात भूतराक्षसांचे बोलणे सानुनासिक दाखविण्याचा, अक्षरांवर चंद्रबिंदू देऊन ते छापण्याचा संकेत जुना आहे. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांच्या ‘ठाकुरमार झुलि’ (१९०७) या लोककथासंग्रहातील राक्षसही असेच नाकात बोलतात. रत्नागिरीच्या वाचकाला याची गंमत विशेष वाटावी. जो अनुनासिक बंगालीत परलोकाची खूण आहे, तो आमच्या चित्पावनी बोलीत हयात आणि कर्त्या माणसांच्या तोंडी होता! यावरून एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, कोणताही ध्वनी मुळात भयानक अथवा हास्यास्पद नसतो. समाज त्याला जे स्थान देतो, त्यावर त्याचा परिणाम ठरतो.

मराठीत भुताचे काय झाले? श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ने (१९१०) अंधश्रद्धेला हास्याच्या चव्हाट्यावर आणले. ते कार्य आवश्यक होते. परंतु त्या परंपरेत भूत हे उघडकीस आणावयाचे ढोंग ठरले, पात्र झाले नाही. पुढे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी त्याला भयकथेत मानाचे स्थान दिले. तेथे हसण्यास वाव अल्प होता. मतकरींनीच ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकिणीला विनोदी केले, पण मुलांपुरते. प्रौढांसाठी भूत आणि माणूस यांचे विनोदी सख्य जमले ते पडद्यावर. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) या चित्रपटात शिवकालीन मावळ्याचे भूत आजच्या शाळामास्तराला भेटते, आणि दोन काळांच्या दोन भाषा समोरासमोर येतात. कादंबरीने मात्र हा धागा पुढे नेला नाही.

सामग्रीची उणीव होती असे म्हणवत नाही. १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या आणि आता सिंधुदुर्गात मोडणाऱ्या आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि मोठाल्या चपला अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्यामुळे त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. गस्त घालणाऱ्या देवाच्या पायताणाची काळजी वाहणारा समाज अद्भुताला परके मानीत नाही, हे उघड आहे.

याहून महत्त्वाचा पुरावा गाऱ्हाण्याच्या व्याकरणात आहे. गाऱ्हाणे घालणारा देवाला ‘म्हाराजा’ असे संबोधितो, पण क्रियापद वापरतो ते ‘तू’चे, आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करतात. संबोधन दरबारी, सर्वनाम घरगुती. आदर आणि सलगी यांचे हे एकाच वाक्यातील सहवास्तव्य म्हणजेच विनोदी अद्भुताची भाषा होय. निधिरामाच्या कादंबरीला जी दृष्टी लागली, ती आमच्या देवळाच्या सभामंडपात पूर्वीपासून नांदत आहे.

मग अडचण कोठे आहे? एक साधा प्रसंग सांगतो. वर्गात एका विद्यार्थ्याने आजीकडून ऐकलेली भुताची गोष्ट सांगितली. निवेदन प्रमाण मराठीत, मुलाचे बोलणे प्रमाण मराठीत. केवळ भुताचे बोलणे संगमेश्वरीत. वर्ग खदखदून हसला. “भुतालाच बोली का दिलीत?” असे विचारता तो म्हणाला, “सर, भूत गावचं आहे ना.” तो स्वतःही त्याच गावचा होता.

त्या हास्याने प्रस्तुत लेखक अस्वस्थ झाला. वर्ग भुताला हसला की बोलीला? ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी यांचे नमुने जिवंत माणसांची बोली म्हणून नोंदले आहेत. आज तीच बोली कथेत मेलेल्यांच्या वाट्याला जात असेल, तर ती सूचना गंभीर आहे. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने (१९८०) मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर प्रतिष्ठा दिली, परंतु त्यानंतर बोली म्हणजे विनोद हे समीकरणही दृढ झाले, हे नाकारता येत नाही.

यातून परीक्षेची एक कसोटी हाती येते. भुताच्या तोंडचे वाक्य प्रमाण भाषेत घालून पाहावे. विनोद नाहीसा झाला, तर तो केवळ बोलीची टवाळी होती. विनोद टिकला आणि फक्त त्याची चव उणावली, तर तो प्रसंगाचा आणि स्वभावाचा विनोद होता. ‘गोसाईंबागानेर भूत’ या कसोटीस उतरते. निधिरामाची फजिती कोणत्याही भाषेत फजितीच राहते.

अशा कादंबरीने अंधश्रद्धा बळावेल, ही शंका रास्त आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येच्या वर्षी, २०१३ मध्ये, ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे ती सहज झटकून टाकता येणार नाही. परंतु मांत्रिकाचा धंदा भयावर चालतो, आणि आपल्या अब्रूच्या काळजीत पडलेल्या भुताचे भय कोणास वाटणार? कोल्हटकरांचे कार्य अशी कादंबरी आजीचा उपमर्द न करता पुढे नेईल.

कोकणात ती कादंबरी लिहिली जाईल तेव्हा तिच्यात भूत संगमेश्वरी बोलेल, यात संशय नाही. प्रश्न एवढाच की त्याला उत्तर देणारा नगरपालिकेतील कारकून कोणत्या भाषेत बोलेल. तोही संगमेश्वरीतच बोलला, तर ती बोली जिवंतांची राहील.