'द पॉप्युलेशन बॉम्ब' : एक पुनर्मूल्यांकन

लोकसंख्यावाढीच्या जागतिक परिणामांची चर्चा विद्यापीठांच्या बाहेर, सामान्य वाचकापर्यंत नेणाऱ्या ग्रंथांत पॉल एर्लिक यांच्या 'द पॉप्युलेशन बॉम्ब' (१९६८) या ग्रंथाचे स्थान अग्रभागी आहे. फुलपाखरांचे अभ्यासक असलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील या जीवशास्त्रज्ञाने तो पत्नी ॲन यांच्या सहकार्याने लिहिला; मुखपृष्ठावर मात्र एकट्याचेच नाव आले. १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसे उपासमारीने मरतील व ते आता टाळता येणार नाही, हे त्यातील मुख्य भाकीत होते. ते खरे ठरले नाही, म्हणून ग्रंथ कालबाह्य झाला असे सर्रास मानले जाते. वस्तुतः भाकीत चुकणे हा या ग्रंथाचा सर्वांत मोठा दोष नव्हे. डोकी मोजून भार ठरवण्याची त्याची दृष्टी सदोष आहे, आणि ती अद्याप टिकून आहे.

ग्रंथाचा आरंभ दिल्लीतील एका उष्ण रात्री होतो. टॅक्सीतून हॉटेलकडे परतताना लेखकाला एका वस्तीत जेवणारी, झोपणारी, भांडणारी, टॅक्सीच्या खिडकीतून हात घालून भीक मागणारी माणसेच माणसे दिसतात. लोकसंख्येचा प्रश्न केवळ बुद्धीला नव्हे तर मनाला त्या रात्री जाणवला, असे प्रतिपादन येथे येते. १९६१ च्या जनगणनेनुसार दिल्लीची लोकसंख्या सुमारे साडेसव्वीस लाख होती. १९६० मध्ये न्यूयॉर्क शहराची सुमारे ७८ लाख. तरीही भय वाटले ते दिल्लीत. लेखकासमोर होते ते दारिद्र्य आणि निवाऱ्याचा अभाव; त्याला नाव दिले गेले संख्येचे. निदान असे झाल्यावर उपायही तसाच सुचतो. तीन किंवा अधिक अपत्ये असलेल्या सर्व भारतीय पुरुषांच्या नसबंदीसाठी अमेरिकेने भारत सरकारवर दबाव आणावयास हवा होता, हेलिकॉप्टरे, वाहने व शस्त्रक्रियेची साधने पुरवावयास हवी होती, असे हा ग्रंथ निःसंकोचपणे म्हणतो.

भारताचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ पासूनचा असल्याने पुढील घटनांचे खापर एकट्या ग्रंथावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले होते व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले होते. या कार्यापायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. साधन तेच, पण कर्व्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी स्त्रीचे आरोग्य व स्वातंत्र्य होते, देशाच्या डोक्यांची गणती नव्हे. जननदराचा पुढील इतिहास कर्व्यांची बाजू बळकट करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) भारताचा एकूण जननदर २.० व महाराष्ट्राचा १.७ आढळला, शाळेत न गेलेल्या स्त्रियांत तो २.८, तर बारावी किंवा अधिक शिकलेल्यांत १.८ होता.

उपासमारीच्या भाकिताबाबत महाराष्ट्राचाच दाखला बोलका आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात पिके गेली, परंतु मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. हाती मजुरी असल्याने हाल पुष्कळ झाले तरी दुष्काळाचे रूपांतर मोठ्या मनुष्यसंहारात झाले नाही. उलट १९७४ मध्ये बांगलादेशात धान्याची उपलब्धता आधीच्या वर्षांपेक्षा कमी नसतानाही लोक मेले, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले.

असे असले तरी एर्लिक यांच्या टीकाकारांचा विजयोत्सवही उथळ आहे. अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९८० मध्ये पाच धातूंच्या किमतींवर त्यांच्याशी पैज लावली व १९९० मध्ये ती जिंकली, हा किस्सा वारंवार सांगितला जातो. धातूला बाजारभाव असतो. आटणाऱ्या भूजलाला नसतो. भारताचे गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मधील सव्वा कोटी टनांवरून १९७१-७२ मध्ये अडीच कोटींपलीकडे गेले, त्यामागे पंजाबच्या विंधनविहिरी होत्या. आज पंजाबात वार्षिक उपलब्धतेच्या दीडपटीहून अधिक भूजल उपसले जाते. म्हणजे भाकीत टळले, पण त्याची किंमत अद्याप चुकती व्हावयाची आहे. निसर्गाच्या धारणक्षमतेला मर्यादा आहे, हे ग्रंथाचे मूळ सूत्र त्यामुळे खोटे ठरत नाही.

प्रश्न उरतो तो या मर्यादेवर भार कोणाचा, हा. १९७१ मध्ये एर्लिक व जॉन होल्ड्रेन यांनीच पर्यावरणावरील एकूण परिणाम हा लोकसंख्या व दरडोई परिणाम यांचा गुणाकार असल्याचे मांडले. अमेरिकेत माणशी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला १४ टनांच्या आसपास, तर भारतात सुमारे २ टन आहे. गुणाकारातील दुसरा अंक झाकून पहिल्यावरच बोट ठेवण्याची सवय मात्र गेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ मध्ये पदवी वर्गांसाठी तयार केलेल्या पर्यावरण अभ्यासक्रमातही लोकसंख्येचा विस्फोट व कुटुंबकल्याण कार्यक्रम सातव्या घटकात एकत्र आले; चंगळवाद व टाकाऊ पदार्थ हा विषय सहाव्या घटकात, निराळा राहिला.