हाजराचं बाळ कुठे गेलं?

हजला जाऊन आलेल्यांची प्रवासवर्णनं ओळीने वाचायला घेतली की तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाच्या आसपास एक गोष्ट खटकायला लागते. या पुस्तकांत मुलं जवळजवळ नसतातच. लेखकाचं पोट बिघडतं, उंटवाले फसवतात, तंबूत शेजारचा रात्रभर घोरतो, हे सगळं येतं. पण कुणाच्या खांद्यावर झोपलेलं, भूक लागली म्हणून भोकाड पसरलेलं, ऐन नमाजेच्या वेळी शी केलेलं मूल येत नाही.

रिचर्ड बर्टन १८५३ मध्ये वेषांतर करून मक्केत शिरला. त्याचं पुस्तक म्हणजे पकडलं जाण्याचा थरार. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६० च्या दशकात आईला आणि मोठ्या लवाजम्याला घेऊन गेल्या. त्यांचं वर्णन इंग्रजीत १८७० मध्ये छापून आलं, आणि ते वाचताना एखादी कडक कलेक्टर दौऱ्यावर आल्यासारखं वाटतं : अस्वच्छता, जकात, गैरकारभार, सगळ्यांची हजेरी. १९६४ च्या एकाच हजला माल्कम एक्स आणि इराणी लेखक जलाल आले-अहमद हे दोघंही होते. दोघंही मोठा प्रश्न घेऊन आले होते. एकाचा प्रश्न वंशाचा, दुसऱ्याचा स्वतःच्या हरवलेल्या श्रद्धेचा. पुस्तकं वेगवेगळी, पण नायक सारखाच : हात मोकळे असलेला प्रौढ माणूस. मोकळे हात असले की आत्मचिंतन करता येतं. कडेवर दहा किलो असेल तर लक्ष पायाखाली ठेवावं लागतं.

आता यातली गंमत म्हणा किंवा विसंगती म्हणा, हजमधला एक मुख्य विधी आहेच मुळी तान्ह्या बाळामुळे. हाजराची गोष्ट अनेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. इब्राहिम तिला आणि अंगावर पिणाऱ्या इस्माईलला ओसाड खोऱ्यात सोडून निघतात. जवळ थोडा खजूर आणि पाण्याची कातडी पिशवी. पाणी संपतं, बाळ तहानेने तळमळायला लागतं. ती सफा टेकडीवर चढून कुणी दिसतंय का बघते, उतरते, मरवावर चढते. असं सात वेळा. शेवटी बाळाजवळ पाणी फुटतं, तेच झमझम. आज हज-उमरा करणारा प्रत्येकजण याच दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या मारतो. त्याला सई म्हणतात. एक फेरी साधारण साडेचारशे मीटरची, म्हणजे एकूण तीन किलोमीटरच्या वर. आता वर छप्पर आहे, एसी आहे, खाली संगमरवर आहे.

कुराणात सफा-मरवाचा उल्लेख आहे, हाजराचं नाव मात्र कुठेच नाही. तिची गोष्ट हदीसमधून येते. आपल्या हिरकणीच्या अगदी उलट. रायगडावर बुरूज हिरकणीच्या नावाचा, पण तिच्या बाळाचं नाव कुणाला माहीत नाही. आणि हिरकणी ज्या कड्यावरून उतरली तिथून तिची आठवण म्हणून कुणी उतरत नाही. हाजरा मात्र जशी पळाली तसं अजून लाखो लोक पळतात.

'पळतात' हे फक्त पुरुषांना लागू आहे बरं का. सईच्या वाटेत एका पट्ट्यात हिरवे दिवे लावलेत. तिथे पूर्वी खोऱ्याचा खोलगट भाग होता. पारंपरिक समजूत अशी की खाली उतरल्यावर हाजराला बाळ दिसेना, म्हणून ती तेवढ्या भागात धावली. त्या पट्ट्यात पुरुषांनी वेग वाढवायचा, बायकांनी नेहमीच्या चालीने चालायचं. म्हणजे धावली बाई, आणि धावायचं पुरुषांनी. या मुद्द्यावर विद्वानांची स्वतःची उत्तरं आहेत, मी त्यात पडत नाही. मला वाचक म्हणून एवढंच दिसतं की आईच्या घाबरण्याचा विधी झाला आणि घाबरणारी आई गोष्टीच्या कडेला गेली.

आले-अहमदचं 'खसी दर मीकात' या बाबतीत फार बोलकं आहे. सई करताना आपला 'मी' त्या गर्दीत विरघळतोय असा अनुभव तो लिहितो. ती पानं जबरदस्त आहेत, आणि जगभर या पुस्तकातली तीच वाखाणली जातात. पण मला त्यात बाळ शोधावंसं वाटतं. आले-अहमदला मूल नव्हतं. त्या दुःखावर त्याने वेगळं पुस्तक लिहिलं, आणि ते त्याच्या मृत्यूनंतरच प्रकाशित झालं. मूल नसलेला माणूस मुलासाठी धावलेल्या बाईच्या वाटेवर चालतोय, आणि त्यातून त्याला सापडतो तो 'मी'चा प्रश्न. हा दोष नाही. पण हे दोन लेखन शेजारी ठेवून वाचलं की सईची ती पानं वेगळीच दिसायला लागतात. अली शरियती हाजराला मध्यभागी आणतो हे खरं : गुलाम, काळी, बाई, आणि परंपरेनुसार काबाला लागूनच तिची कबर. पण शरियतीची हाजरा क्रांतीचं पोस्टर आहे. तिचं दूध आटलंय, हात भरून आलेत, असं त्याला कुठेच जाणवत नाही.

म्हणून अस्रा नोमानीच्या 'स्टँडिंग अलोन इन मक्का' (२००५) या पुस्तकाकडे मी मोठ्या अपेक्षेने गेले. नोमानी जन्माने मुंबईची, वाढली अमेरिकेत, वॉल स्ट्रीट जर्नलची पत्रकार. डॅनियल पर्लचं कराचीत अपहरण झालं तेव्हा तो तिच्याच घरी उतरला होता. त्याच दिवसांत तिला आपण गरोदर असल्याचं कळलं. लग्न झालेलं नव्हतं, आणि मुलाच्या बापाने साथ दिली नाही. २००३ च्या फेब्रुवारीत ती आईवडील, भाची, भाचा आणि चार महिन्यांच्या मुलाला घेऊन हजला गेली. तिथल्या कायद्याच्या नजरेने पाहिलं तर कडेवरचं बाळ हाच तिच्या 'गुन्ह्या'चा पुरावा. तो पुरावा छातीशी धरून ती काबाभोवती फिरते, आणि टाकून दिलेल्या एकट्या आईच्या वाटेवर सई करते. इतका जिवंत ताण मला दुसऱ्या कुठल्याच हजवर्णनात सापडला नाही.

नंतर पुस्तक घाईत असल्यासारखं वागतं. मक्केच्या मशिदीत बायका-पुरुष एकाच आवारात नमाज पढतात, मग माझ्या गावच्या मशिदीत मला मागच्या दाराने का जायला लावता, हा तिचा सवाल. सवाल रास्त आहे. तिने तो वेस्ट व्हर्जिनियातल्या आपल्या मशिदीत जाऊन विचारलाही, आणि त्याची किंमत मोजली. पण त्या लढाईत बाळ हळूहळू मुद्दा होत जातं. पुस्तकाच्या शेवटी तर हक्कांच्या सनदा छापल्यात. (तिच्या नंतरच्या राजकारणाशी माझं अजिबात जमत नाही, पण त्याचा राग मी या पुस्तकावर काढणार नाही.) मला हवं होतं ते रोजचं : दूध, झोप, ताप, गर्दीत त्याचं डोकं सांभाळणारा हात. ते येतं, पण मुक्कामाला राहत नाही.

तिचा मुलगा अगदी तान्हा होता, हेही आहेच. चार महिन्यांचं बाळ उचलून न्यावं लागतं. दोन वर्षांचं मूल मात्र स्वतःचं मत असलेला सहप्रवासी असतो. तवाफ काबा डाव्या हाताला ठेवून चाललेला असताना त्याला उलट्या दिशेने जायचं असतं. धर्मशास्त्राने या सहप्रवाशाची दखल फार पूर्वी घेतली आहे. एका बाईने वाटेत प्रेषितांपुढे मूल उचलून धरलं आणि याचा हज होतो का असं विचारलं. उत्तर मिळालं की होतो, आणि पुण्य तुलाही. म्हणजे मुलाची नियत पालकाने करायची, खडे त्याच्या वतीने मारायचे. पण मोठं झाल्यावर ऐपत असेल तर फर्ज हज पुन्हा करावाच लागतो. आमच्या धंद्यात याला एज केस म्हणतात, आणि चांगल्या सिस्टीमची परीक्षा तिथेच होते. मुलग्याला इहरामात डायपर चालतो का, असे प्रश्न मुफ्तींना आजही येतात. नात उमामाला कडेवर घेऊन प्रेषितांनी नमाज पढल्याचं, सजद्याला जाताना तिला खाली ठेवून पुन्हा उचलल्याचं हदीसमध्ये आहे. विधीच्या आत मूल मावतं, हे त्या एका प्रसंगात जितकं दिसतं तितकं मला प्रवासवर्णनांच्या अख्ख्या शेल्फात दिसलं नाही.

मग हे लेखन सापडतं कुठे? यूट्यूबवर 'टॉडलरसोबत उमरा'चे व्लॉग ढिगाने आहेत. मनगटाला फोन नंबरचा पट्टा बांधा, खाऊ जवळ ठेवा, गर्दी कमी असलेली वेळ निवडा. उपयोगाचे आहेत, पण चेकलिस्टच्या पुढे जात नाहीत. प्रत्येक फ्रेममध्ये मूल हसतंय, आणि जी फ्रेम टाकली नाही ती आपल्याला दिसत नाही.

मला सापडलेलं सगळ्यात चांगलं हजवाङ्मय (उमऱ्याचं आहे, पण चालवून घ्या) माझ्या व्हॉट्सअॅपवर आहे. माझी मोठी बहीण दोन वर्षांच्या मुलीला घेऊन गेली होती आणि रोज रात्री व्हॉइस नोट पाठवायची, मुलगी उठू नये म्हणून कुजबुजत. काबाचं पहिलं दर्शन झालं तेव्हा ती मुलीचा एक बूट शोधत होती. भाचीला काबापेक्षा कबुतरं आवडली. तवाफच्या अंगणातली पांढरी फरशी ग्रीसमधल्या थासोस बेटाच्या संगमरवराची आहे, उन्हातही थंड राहते. हे मी वाचून सांगतेय. भाचीने मात्र सरळ आडवं होऊन फरशीला गाल लावला आणि उठायला नकार दिला.

सईत भाची बापाच्या खांद्यावर होती. हिरवे दिवे आले, भावजी इतर पुरुषांबरोबर पळायला लागले, ती खिदळायला लागली, आणि दोघं गर्दीत दिसेनासे झाले. "अगं, मला माहितीये तिथे बायकांनी धावायचं नसतं. पण ती दिसेचना. मी धावले. दिवे संपले तिथे दोघं उभे, ती हसतेय आणि मला दरदरून घाम फुटलाय. चुकलं का गं माझं?" अडतीस सेकंदांची नोट आहे. सईवर मी जे काही वाचलंय त्यात मी हिला आले-अहमदच्या त्या पानांच्या शेजारी ठेवीन, आणि थोडी वर.

२०२५ च्या हजसाठी सौदी सरकारने लहान मुलांना सोबत आणायला मनाई केली. कारण सुरक्षिततेचं, आणि ते खोटं नाही. २०१५ मध्ये मीनात चेंगराचेंगरी झाली, २०२४ च्या उन्हात तेराशेवर माणसं गेली. त्या गर्दीत मी माझ्या भाचीला पाठवणार नाही. पण मग हजमध्ये बाळासाठीची धाव राहते आणि बाळ हॉटेलवर नाही, घरीच राहतं. मुलासोबतच्या यात्रेचं लेखन आता उमऱ्यातूनच येईल. तिथे मुलांना अजून वाट मोकळी आहे.

बहिणीला मी म्हटलं, या नोट्सवरून लिही ना काहीतरी. ती म्हणाली, हे काय लिहिण्यासारखं आहे? बर्टनला आणि आले-अहमदला हा प्रश्न पडला नसणार. मी मागेच लागले तेव्हा म्हणाली, ही शाळेत जायला लागली की बघू. प्लेग्रुप जूनमध्ये सुरू होतोय.