प्रीमो लेव्ही यांचे छावणीकथन आणि ‘का?’ हा प्रश्न

युद्धकाळातील आठवणींचे पुस्तक हाती घेतले की वाचकाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की हा माणूस बचावला कसा? बहुतेक आठवणीकार याच प्रश्नावर आपल्या निवेदनाची उभारणी करतात. इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांचा ‘इफ धिस इज अ मॅन’ या नावाने इंग्रजीत आलेला ग्रंथ या बाबतीत वेगळा आहे. बचावण्याचा प्रश्न तो प्रस्तावनेतच निकालात काढतो आणि ‘हे का घडले?’ हा दुसराच प्रश्न वाचकापुढे ठेवतो. प्रस्तुत लेखात आम्ही या ग्रंथाची निवेदनदृष्टी, त्यातील उत्कंठा आणि त्याचे आशयसूत्र यांचा याच प्रश्नाच्या अनुषंगाने विचार करीत आहोत.

लेव्ही यांचा जन्म 1919 साली तुरिन येथील ज्यू कुटुंबात झाला. ते रसायनशास्त्रज्ञ होते. 13 डिसेंबर 1943 रोजी फॅसिस्टांनी त्यांना पकडले. फेब्रुवारी 1944 मध्ये फोसोली येथून 650 माणसांसह त्यांची रवानगी ऑशविट्झला झाली. तेथे 174517 हा क्रमांक त्यांच्या हातावर गोंदला गेला. मोनोविट्झच्या श्रमछावणीत त्यांनी जवळजवळ वर्ष काढले. 27 जानेवारी 1945 रोजी रशियन फौज तेथे पोहोचली. हा ग्रंथ 1947 साली एका लहान प्रकाशनगृहाने काढला, तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. 1958 च्या नव्या आवृत्तीनंतर मात्र त्याला जगभर वाचक लाभला.

प्रथम निवेदनदृष्टी पाहू. अटकेची हकीकत ‘मी’ सांगतो. परंतु मालगाडीचे दार बंद होते आणि निवेदनाचा ताबा ‘आम्ही’कडे जातो. हा ‘आम्ही’ कोणी स्वेच्छेने पत्करलेला नाही. नाव, वस्त्र, केस आणि भाषा हिरावून घेतल्यावर उरलेल्या क्रमांकांचा तो समूह आहे. लेव्ही स्वतःला त्यातून वर काढीत नाहीत. ऑक्टोबर 1944 मधील निवडीचा प्रसंग पाहावा. नग्न कैद्यांनी एका दारातून दुसऱ्या दाराकडे धावत जायचे, हातातील पत्र अधिकाऱ्याला द्यायचे आणि त्याने काही क्षणांत कोणी जगायचे ते ठरवायचे. लेव्हींच्या आधी धावलेला तरुण त्यांच्याहून सशक्त असूनही मरणाऱ्यांच्या बाजूस जातो. पत्रांची अदलाबदल झाली असावी, असे लेव्ही नोंदवतात. आणि त्या वेळी आपल्याला स्पष्ट अशी कोणतीही भावना जाणवली नाही, हेही नोंदवतात. आत्मसमर्थन नाही की आत्मताडनही नाही. वेदना उठते तशी तिला जाणणे, ही सतिपट्ठानातील वेदनानुपस्सनेची शिस्त ज्यांना परिचित आहे, त्यांना या गद्याची जात ओळखता येईल. अर्थात लेव्हींनी ती प्रयोगशाळेत मिळवली, विहारात नव्हे. त्यांना बौद्ध ठरवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

आता उत्कंठा. गाडी अद्याप धावत असतानाच लेव्ही सांगून टाकतात, की आपल्या डब्यातील पंचेचाळीस जणांपैकी केवळ चौघांनी पुन्हा घर पाहिले. फलाटावर उतरताच ते सांगतात, की छावणीत दाखल झालेले शंभर-सव्वाशे स्त्री-पुरुष वगळता उरलेले पाचशेहून अधिक लोक दोन दिवसांत मारले गेले. कथाकाराने जे शेवटपर्यंत राखून ठेवावे ते येथे आरंभीच खर्च केले जाते. तरीही वाचकाचा श्वास अडकतो. कारण उत्कंठा आता भाकरीच्या तुकड्यावर, जोड्याच्या मापावर, पहाटेच्या हाकेवर येऊन बसते. शरीर मरण्यापूर्वी माणूसपण मरेल काय, एवढाच प्रश्न उरतो.

येथून आशयसूत्राकडे येऊ. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थायतनसुत्तात तथागतांनी तीन मते तपासून नाकारली आहेत. माणसाला जे सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे ‘पुब्बेकतहेतु’ मत. ते ईश्वराच्या निर्मितीमुळे, हे ‘इस्सरनिम्मानहेतु’ मत. आणि त्याला कारणच नाही, हे ‘अहेतु-अप्पच्चय’ मत. तिन्हींवरील आक्षेप एकच आहे: यांपैकी कोणतेही मत धरले की काय करावे व काय करू नये याविषयी इच्छा आणि प्रयत्न यांना जागा उरत नाही.

यांतील दोन मते लेव्हींच्या ग्रंथात प्रत्यक्ष उभी आहेत. चार दिवसांच्या तहानेने व्याकूळ झालेले लेव्ही खिडकीबाहेरचा बर्फाचा सुळका तोडतात. पहारेकरी तो हिसकावून घेतो आणि ‘का?’ असे विचारताच येथे ‘का’ नसते असे बजावतो. हा अहेतुवाद आहे, आणि तो जुलमी सत्तेच्या मुखातून आलेला आहे. निवडीच्या रात्री वृद्ध कून आपण वाचलो म्हणून मोठ्याने देवाचे आभार मानतो, आणि शेजारच्या फळीवर वीस वर्षांचा ग्रीक बेप्पो, ज्याला परवा मरायचे आहे, दिव्याकडे टक लावून पडलेला असतो. त्या प्रार्थनेवर लेव्हींचा जो संताप उसळतो, तो ग्रंथातील सर्वांत तीव्र उद्गार आहे. एकाला वाचवणाऱ्या ईश्वराने दुसऱ्याला का मारले, याचे उत्तर प्रार्थनेत नाही.

तिसरे मत मात्र आपल्या देशाच्या परिचयाचे आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (1957) मध्ये बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या सिद्धांतावर बोट ठेवले ते याच कारणाने, की दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकावी, यापलीकडे त्या सिद्धांताचे प्रयोजन दिसत नाही. छावणी आणि जातिव्यवस्था एक नव्हेत. त्यांचा इतिहास, कालावधी व यंत्रणा भिन्न आहेत. तथापि जन्म हाच गुन्हा मानणे दोहोंकडे आहे, आणि पीडितांच्या दुःखाचे मूळ पीडितांतच शोधण्याची सवयही दोहोंभोवती आढळते.

लेव्ही तिन्ही वाटा टाळून प्रत्ययांचा शोध घेतात. परका तो शत्रू, ही समजूत अनेकांच्या मनात सुप्त संसर्गासारखी पडून असते. ती विचारपद्धतीचे प्रमुख गृहीतक बनली की साखळीच्या शेवटी छावणी उभी राहते, असे त्यांचे प्रस्तावनेतील प्रतिपादन आहे. पालि परंपरेत याला ‘अनुसय’ ही नेमकी संज्ञा आहे. पटिघ, मान आणि दिट्ठि हे अनुसय मनात दडलेले असतात. अनुकूल प्रत्यय मिळताच उसळतात. जे प्रत्ययांनी घडते ते प्रत्यय मोडून थांबवता येते, हा यातील आशेचा भाग होय.

अखेरचे प्रकरण याची साक्ष देते. 18 जानेवारी 1945 रोजी जर्मन निघून जातात. आजारी कैदी मागे राहतात. लेव्ही, शार्ल आणि आर्थर शेगडी मिळवून पेटवतात. तेव्हा एक रुग्ण सुचवतो, की या तिघांना प्रत्येकाने आपल्या भाकरीतला एकेक तुकडा द्यावा. छावणीचा कायदा तेथे मोडला, असे लेव्ही मानतात. शेवटचा घासही वाटून खावा, ही इतिवुत्तकातील दानाची शिकवण येथे आठवते. क्रमांकांचा ‘आम्ही’ आता स्वेच्छेचा ‘आम्ही’ होतो.

ग्रंथाला एक मर्यादा आहे. खचून गेलेले, मुके झालेले कैदी येथे चेहरा नसलेला जमाव म्हणूनच दिसतात. खरे साक्षीदार आपण बचावलेले नव्हे, तर ते बुडालेले होत, असे लेव्हींनीच 1986 च्या आपल्या ग्रंथात मान्य केले. आपल्याकडील आत्मकथने वाचतानाही हा प्रश्न सोबत ठेवणे अगत्याचे आहे: जो लिहू शकला त्याच्यामागे न लिहिता गेलेले किती? त्यांच्या दुःखाला नियतीचे, ईश्वराचे वा पूर्वकर्माचे नाव न देता त्याचे प्रत्यय शोधणे हेच समीक्षेचे कर्तव्य होय, असे आमचे मत आहे.