राजाचा मत्सर आणि कवीची हद्दपारी : कालिदासविषयक एका आख्यायिकेची चिकित्सा

प्रास्ताविक

राजाने राणीचे चित्र काढविले. कालिदासाने त्यात राणीच्या मांडीवर तीळ दाखविला आणि तो तीळ खरोखरच तेथे होता. राजाच्या मनात संशय व मत्सर उत्पन्न झाला आणि आवडत्या कवीला राज्याबाहेर जावे लागले. ही आख्यायिका व्याख्यानांतून आणि वर्गातूनही सांगितली जाते. ‘मेघदूता’तील यक्षाचा विरह हा कविचाच हद्दपारीतील विरह होय, असे अनुमानही तिला जोडले जाते. काव्याचा अर्थ एका निराधार कथेवर उभा राहत असल्याने तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

कालविपर्यास

कथेतील राजा बहुधा धारेचा परमार भोज असतो. भोज अकराव्या शतकातील. रविकीर्तीच्या ऐहोळे येथील शके ५५६ (इ. स. ६३४) च्या शिलालेखात मात्र कालिदासाचा कीर्तिमान कवी म्हणून उल्लेख आहे. सातव्या शतकातील बाणभट्टानेही ‘हर्षचरिता’च्या आरंभी त्याचा गौरव केला आहे. म्हणजे दोघांत साडेतीनशेहून अधिक वर्षांचे अंतर पडते. आधारासाठी बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’कडे बोट दाखवावे, तर तो ग्रंथ सोळाव्या शतकातील, शिवाय त्यात कालिदास, बाण, माघ आणि भवभूती एकाच सभेत बसलेले आहेत. हा आक्षेप घेतला की सांगणारे भोजाच्या जागी विक्रमादित्याचे नाव घालतात. नाव बदलूनही कथा जशीच्या तशी राहते, हेच तिच्याविषयी शंका घेण्याचे सबळ कारण होय.

कथाबीजाचा प्रवास

अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त हीच घटना वररुचीच्या नावावर आहे. राणीच्या चित्रात तो लक्षणशास्त्राच्या आधारे तीळ रंगवितो, योगनंद राजा संतापून त्याच्या वधाची आज्ञा देतो आणि शकटाल त्याला लपवून वाचवितो. पुढे राजपुत्राच्या वेडाचे कारण वररुची ओळखतो, तेव्हा तिळाचे ज्ञानही अशाच अनुमानाने झाले होते हे राजाला पटते. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरिता’त कौशांबीच्या शतानीक राजाची राणी मृगावती हिचे चित्र काढणारा चित्रकार अशाच तिळामुळे राजकोपास पात्र ठरतो. अमात्य, चित्रकार आणि कवी अशा तीन व्यक्तींच्या वाट्याला एकच प्रसंग यावा, हा योगायोग मानणे कठीण आहे. हे फिरते कथाबीज असून प्रसिद्ध नावाशी ते चिकटले, असेच म्हणावे लागते.

अर्थनिर्णयावरील परिणाम

‘मेघदूता’त कुबेर यक्षाला वर्षभराचा शाप देतो तो कर्तव्यातील प्रमादाबद्दल. तेथे स्वामीचा मत्सर नाही, राणी नाही आणि संशयही नाही. आख्यायिका हाती धरून काव्य वाचले, तर काव्यात नसलेले कारण त्यावर लादले जाते. येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजे नागपूरनजीकचे रामटेक असे प्रतिपादन केले. ते मत मान्य असो वा नसो, त्यामागे काव्यातील भूगोल आणि वाकाटकांचे लेख आहेत. म्हणूनच त्याचे खंडनही पुराव्यानेच करता येते. हद्दपारीच्या कथेला पुरावाच नसल्यामुळे ती केवळ पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

निष्कर्ष

आख्यायिका त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. राजाश्रयाने जगणाऱ्या गुणवंताला धन्याच्या मर्जीचे भय कसे वाटत असे आणि अति जाणणे कसे घातक ठरे, याविषयीच्या लोकसमजुतीचे ती मोलाचे साधन आहे. परंतु ते लोकमानसाचे साधन आहे, कविचरित्राचे नव्हे. अध्यापकाने ही कथा अवश्य सांगावी. मात्र त्याच तासाला वररुचीची आणि मृगावतीच्या चित्रकाराची कथाही सांगावी. तिन्ही शेजारी ठेवल्या म्हणजे पुरावा व दंतकथा यांतील अंतर विद्यार्थ्याला आपोआप उमगेल.