भिंतीवरील इतिहासचित्रें व त्यांची पुष्पिका

जुन्या ताम्रपट्टी ठशांचीं चित्रें कॅनव्हासवर मोठ्या आकारांत छापून दिवाणखान्यांत लावण्याची चाल अलीकडे चांगलीच रुजली आहे. इतिहासाची आवड घराघरांत शिरावी हें संशोधकांस प्रियच आहे. तथापि या प्रती ज्या रीतीनें तयार होतात तिचें परीक्षण होणें अवश्य वाटतें. ठशाचें चित्र शोभेची वस्तु खरेंच. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तो आधीं एक कागद आहे, आणि दप्तरांतील कागदास आपण जी कसोटी लावतों तीच त्यासही लागू पडते.

उदाहरणादाखल पेशवे दरबाराचें प्रसिद्ध चित्र घेऊं. टिपूविरुद्ध १७९० सालीं पुण्यास झालेल्या तहाचा हा प्रसंग. सवाई माधवराव व इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट हे त्यांतील प्रमुख पुरुष. पाहणारास वाटतें कीं, चितारी दरबारांतच बसून हें सर्व टिपीत होता. वस्तुस्थिति निराळी आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चितारी मुंबईस उतरला तो १७९१ सालीं. म्हणजे तहाच्या वेळीं तो हिंदुस्थानांतच नव्हता. पुढें पुण्यास येऊन त्यानें पेशवे व नाना फडणवीस यांच्या तसबिरी समक्ष पाहून काढिल्या, आणि नोव्हेंबर १७९५ मध्यें तो वारला. त्याच्या रेखाटनांच्या आधारें टॉमस डॅनिएल यानें लंडनांत मोठें तैलचित्र रंगविलें तें १८०५ सालीं. डॅनिएलही त्या दरबारास हजर नव्हता. त्यावरून चार्ल्स टर्नर यानें मेझोटिंट पद्धतीचा ठसा केला तो १८०७ सालचा. प्रसंग व ठसा यांत सतरा वर्षांचें अंतर, आणि मध्यें तीन हात! यास्तव मुख्य पुरुषांचे चेहरे बऱ्याच अंशीं प्रमाण मानावे; दरबाराची मांडणी मात्र मागाहून रचलेली समजावी. हा विवेक करणारास पहिला धागा मिळतो तो चित्राखालील अक्षरांत: मूळ चित्र कोणाचें, ठसा कोणाचा, प्रसिद्धीचें साल कोणतें.

कॅनव्हासच्या प्रतींत बहुधा हीच ओळ गळते. चौकट भरून चित्रच दिसावें म्हणून समास कापला जातो, आणि समासाबरोबर साक्षही जाते. पोथ्या जमविणारांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. शेवटचें पान हरवलेली पोथी वाचतां येते. परंतु पुष्पिका गेल्यामुळें ती कोणीं, केव्हां व कोठें लिहिली हें सांगावयास कोणी उरत नाहीं.

दुसरा दोष कारागिरीचा. मेझोटिंटमध्यें तांब्याचा पत्रा सर्वभर खरबरीत करून, जेथें उजेड हवा तेथें तो खरवडून व घासून गुळगुळीत करितात. त्यामुळें छायेच्या मऊ पायऱ्या कागदावर उतरतात. कापडाची वीण या पायऱ्या बुजविते. सळईनें कोरलेल्या रेघांच्या चित्रांत तर रेघांची जाळी व धाग्यांची जाळी एकमेकींत गुंतून चित्र धूसर होतें.

येवढ्यावरून कापडासच दोष द्यावा असें नव्हे. डहाणू तालुक्यांतील रानशेत, गंजाड वगैरे गांवांच्या टापूंत वारल्यांच्या लग्नघरीं सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक लिहितात. त्यांत पालघट देवी असते. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नानें ही कला कागदावर व कापडावर आली, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. भिंत सुटली तसा लग्नाचा प्रसंगही सुटला, ही हानि मोठीच. परंतु पूर्वीं निनांवी असलेल्या चित्रास कर्त्याचें नांव लाभलें. तेथें कापडानें नांव दिलें. दरबाराच्या चित्राचें आहे तें नांव कापडावर येतांना पुसलें जातें.

घरच्या शोभेस येवढी चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु भिंतीवरचें चित्रच पुढें डोळ्यांत बसतें आणि प्रमाण होऊन राहतें. शिवाजी महाराजांचें म्हणून भलत्याच पुरुषाचें चित्र वर्षानुवर्षें छापलें जात होतें, वा. सी. बेंद्रे यांनीं महाराजांचें खरें चित्र शोधून १९३३ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां तो भ्रम हटूं लागला. शिवाय आजच्या या प्रती पन्नास वर्षांनीं जुन्या सामानांतून संग्राहकांच्या हातीं येतील, त्या वेळीं त्यांची ओळख कोण पटविणार?

उपाय सोपा आहे. प्रत घेणारानें समासासह प्रत मागावी. ती न मिळाल्यास मूळ चितारी, ठसेकार, ठशाचें साल, मूळ प्रत कोणत्या संग्रहांतील आणि नवी प्रत केव्हां काढिली, येवढें मागील बाजूस शाईनें लिहून ठेवावें. पांच ओळींचें काम आहे; परंतु तेवढ्यानें शोभेची वस्तु पुनः साक्षीस उभी राहण्यास योग्य होते.