हापशाचा कठडा

घागर भरून झाली, की खरं काम सुरू होतं. आटपाडी-जतकडच्या किंवा माण-खटावच्या बायकांना हे सांगायला नको. हापसा मारताना जोर दंडाचा. भरलेली घागर भुईवरून उचलताना कळ येते ती कमरेत. आधी मांडीला टेकवायची, मग काखेत, आणि कुणी हात लावला तर डोक्यावरच्या चुंबळीवर. एकटीच असली तर पाणी हिंदकळून पदर ओला. कलावंत नवज्योत अल्ताफ यांच्या ‘नलपार’ या हापशांभोवतीच्या शिल्पकामाचा आस्वाद घ्यायचा तर या उचलण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

छत्तीसगडात, बस्तरच्या कोंडागाव भागात, राजकुमार कोर्राम, शांतीबाई आणि गेसूराम या स्थानिक कलावंतांसोबत त्यांनी गावोगावच्या हापशांभोवतीची जागा नव्यानं घडवली. सरकारी हापसा म्हणजे सिमेंटचा चौथरा आणि भोवती राड. इथं सांडलेल्या पाण्याला वाट काढून दिली. भोवतीनं भिंती घातल्या, त्यांवर स्थानिक चिन्हं आली. आणि भुई व डोकं यांच्या मधल्या उंचीवर घागर टेकवायला जागा केली.

मला या कामात सगळ्यात देखणी वाटते ती ही उंची. नक्षी सुरेख आहे, पण नक्षी कुणीही काढेल. इथं शिल्पाचं माप पाणी भरणाऱ्या बाईच्या कमरेवरून, खांद्यावरून ठरलं. घागर तिथं ठेवायची, दम खायचा, मग डोक्यावर घ्यायची. भिंतीचा आडोसा असल्यानं दोन घटका बोलत थांबताही येतं. कलाकृती पाहायची नाही, तिला टेकायचं.

मेरठला 1949 मध्ये जन्मलेल्या नवज्योत मुंबईच्या जे. जे.त शिकल्या, दिल्लीच्या गढी स्टुडिओत त्यांनी ग्राफिक्सचे, म्हणजे मुद्राचित्रणाचे, धडे घेतले. सत्तरच्या दशकात डाव्या युवक चळवळीसाठी पोस्टरं केली. मुद्राचित्रणात सगळा खेळ दाबाचा असतो: कुठं किती भार पडला की ठसा कसा उमटतो. हा भार ओळखणारा हात पुढं हापशापर्यंत गेला, असं मला वाटतं. खाणींनी पोखरलेल्या छत्तीसगडवरचं त्यांचं ‘सोल ब्रेथ विंड’ हे व्हिडिओकाम याच वाटेवरचं. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2018 मध्ये नॅन्सी अदजानिया यांनी त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन मांडलं. काचेच्या इमारती आणि आलेखांच्या रेषा एकत्र आणणारी त्यांची जलरंगचित्रं मात्र मला जरा गारच वाटतात. त्यांतला युक्तिवाद पटतो, अंगाला भिडत नाही.

2016 च्या दुष्काळी उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा गाजले ते वाघिणींचे फोटो. त्या पाण्याचा शेवटचा टप्पा कुणाच्या डोक्यावरून गेला, ते चित्र फारसं कुणी काढलं नाही. ‘नलपार’ला दिसतो तो हाच टप्पा.

एक शंका मात्र राहते. ओझं हलकं करताना ते बाईनंच वाहायचं, हे ही रचना धरून चालत नाही का? चालते, असंच मला वाटतं. नळ घरात येईपर्यंत कमरेला उसंत देणं हे काम लहान नाही, हेही खरं. आणि उद्या गावचे बाप्ये पाण्याला यायला लागलेच, तर कठडा वीतभर उंच करून घ्यावा लागेल, एवढंच.